टर्बोला धूप

चाळीस वर्षं मिलिसावने पोझेगा गावातल्या गाड्या कानाने बऱ्या केल्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. डोळे मिटून कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, की खोकणारं इंजिन सुरात यायचं आणि भोवतीची माणसं माना डोलवायची.

म्हातारपणी त्याने टर्बो डिझेल गाडी घेतली आणि त्या कौतुकाला दृष्ट लागली. हिचा सगळा कारभार काँप्युटरच्या हाती! पण मिलिसाव हटायचा नाही. जुना लॅपटॉप आणून त्याने वायर जोडली आणि इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवला. सपाटीवर गाडी वाघ झाली. चर्चचा चढ लागला की समोर बिघाडाचा दिवा पेटायचा आणि वाघाची गोगलगाय व्हायची. तीन महिने लॅपटॉपवर आकडे बदलले, दोन सेन्सर बदलले. गोगलगाय ती गोगलगायच.

आज घराण्याच्या संताचा, संत निकोलाचा सण. वडील गेल्यावर सणाचं यजमानपण पहिल्यांदाच मिलिसावकडे आलं होतं. दहाच्या आत सणाचा पाव आणि शिजवलेले गहू टेकडीवरच्या चर्चमध्ये पोचायला हवे होते. पावाला आशीर्वाद मिळाल्याशिवाय पाहुण्यांना जेवायला वाढायचं कसं? आणि साडेआठला गाडी अर्ध्या चढावरून माघारी आली.

"शेजारच्या वुकोमानची जुनी गाडी मागू या," बायको रोसांदा म्हणाली.

"त्याची? ती जन्मभर मी दुरुस्त केली!"

"म्हणून तर चालते."

मिलिसावने बॉनेट आपटलं. "मेली हवा जाते कुठे?"

रोसांदा तणतणत घरात गेली आणि संताच्या तसबिरीपुढे धूपदाणी फिरवू लागली. बंद खिडकीच्या एका फटीतून धूर बाहेर आला. तिथे फट आहे हे इतकी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. मिलिसाव बघतच राहिला.

"रोसांदा, निखारे आण! धूपही!"

"अरे, संताचा धूप तो!"

"संतालाच चर्चमध्ये जायचंय ना?"

झाकणाच्या डब्याला दोन भोकं पाडली, आत निखारे आणि धूप टाकला. एकाला पायपंप, दुसऱ्याला नळी. नळीचं टोक इंजिनाच्या हवेच्या वाटेत. रोसांदा सणाच्या कपड्यांत पंप मारत होती आणि नवऱ्याच्या सात पिढ्या काढत होती. इतक्यात टर्बोच्या रबरी पाइपाखालून धुराची बारीक रेघ निघाली.

पाइप उलला होता, वाढवलेल्या दाबाने. भोक त्यानेच पाडलं होतं आणि तीन महिने तोच ते आकड्यांनी बुजवत बसला होता!

"एरवी कान लावतोस, तेव्हा ऐकू नाही आलं?"

"चढावर धावत्या गाडीच्या बॉनेटखाली कान घालून तू बसतेस का?"

सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्याने वर दोन क्लॅम्प आवळले. मग लॅपटॉप उघडला आणि दात-ओठ खात आपले सगळे आकडे पुसून कारखान्याचे मूळ आकडे परत भरले.

दहाला पाच मिनिटं असताना गाडी मुकाट चर्चच्या दारात उभी राहिली. वाघ नाही, गोगलगायही नाही, चारचौघींसारखी गाडी. धर्मगुरू पाव घ्यायला वाकले आणि हुंगले.

"गाडीला धूप कुणी दाखवला?"

"यानेच," रोसांदा म्हणाली. "तीन महिने आकडे दाखवले, तिला पुरेनात."