नकाशात नसलेली विहीर

दुपारचे अडीच. चौकशी समितीपुढे साक्ष पाचला, म्हणून इंजिनीअर मृणालिनी खर्डेकर घटकाभर आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय तोच पलंगाशेजारची फरशी सरकत्या जिन्यासारखी खाली जाऊ लागते. तीही फरशीबरोबर उतरते.

खाली तिचंच स्वयंपाकघर आहे, पण ओट्यापलीकडे काळ्या पाषाणात कोरलेला फलाट आणि रूळ. ओट्याला टेकून शिदोबा मुकादम चहा पितोय. गेल्या आषाढात तिच्या देखरेखीखाली खणल्या जाणाऱ्या भुयारी स्टेशनची भिंत फुटली, आणि चिखलाखाली सापडून तो गेला.

"या मॅडम. भिंत कशानं फुटली म्हनून सांगनार हाय आज?"

"पावसानं," ती पुटपुटते.

"पावसानं व्हय? म्या दोनदा सांगितलं व्हतं. हितं जुनी बुजवलेली हीर हाय, वरच्या पेठेतली म्हातारी मानसं सांगत्यात."

"नकाशात नव्हती ना, शिदोबा."

"नव्हती. तुमी म्हनला, खनत ऱ्हावा. आमी खनलं." तो कप खाली ठेवतो. "आता माज्या पोरीला लोकं म्हंत्यात, तुज्या बापानंच घाई केली."

तिला तिथं उभं राहवत नाही. ती बाहेर जायचा रस्ता शोधते. दार क्रमांक एक, दोन, तीन. प्रत्येक जिना धापा टाकत चढावा, तर वर पुन्हा तोच फलाट, तोच काळा पाषाण, पाणी उपसणाऱ्या पंपांची धडधड, आणि कठड्यावर बसलेला शिदोबा.

"पळू नगा. हात घालून बघा."

फलाटाच्या कडेला विहिरीचं तोंड आहे. ती गुडघे टेकते, खांद्यापर्यंत हात आत घालते. गार पाणी. बोटांना घडीव दगड लागतो, त्याखाली दुसरा.

"लागली?"

"लागली."

"मंग झालं," म्हणत तो उठतो आणि बोगद्याकडं चालू लागतो.

ती दचकून जागी होते. चार वाजून दहा मिनिटं. उशाचा फोन चाचपून ती वकिलांना लावते.

"मुकादमांनी मला विहिरीचं दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. समितीला तेच सांगणार आहे."

"मॅडम, नोकरी जाईल."

"जाऊ दे."

फोन ठेवताना तिला दिसतं: काचेवर बोटांचे हिरवे, बुळबुळीत ठसे उमटलेत. उजव्या हाताच्या पाचही नखांत ओलं शेवाळ आहे.