दादाचा दम

कबड्डीत माझ्या थोरल्या भावाचा दम आमच्या सांगलीकडे नावाजलेला होता. एका दमात तिघा-चौघांना बाद करून परत यायचा. पुढे दुबईकडच्या अल ऐनमध्ये आम्ही दोघांनी किचनचे ओटे बनवायचा धंदा टाकला. ऑर्डरी, ऑफिस माझ्याकडे. दादा सहा कारागिरांबरोबर क्वार्ट्झ दगडाचे स्लॅब कापायचा आणि रविवारी पार्कात पोरांना कबड्डी शिकवायचा.

अशाच एका रविवारी तो चढाईला गेला आणि मध्येच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

"काका, यू स्टॉप्ड!" माझी मुलगी ओरडली. दादा हसायला गेला आणि खोकतच बसला. चव्वेचाळीस वय, सिगरेटला कधी हात लावलेला नाही.

एसीमुळे असेल, असं आम्ही पाच-सहा महिने म्हणत राहिलो. एक जिना चढताना तो दोनदा थांबायला लागला, तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं.

मल्याळी सिस्टरनं त्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. "पूरा साँस लो. अब जोर से फूँको! और, और, और... खलास." तीनदा फुंकायला लावलं. तिसऱ्या वेळी त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. त्याच्या वयाच्या, उंचीच्या माणसाच्या छातीत जेवढी हवा मावायला हवी, तिच्या निम्मीही मावत नव्हती. आलोच होतो म्हणून मीही फुंकून पाहिलं. माझं नॉर्मल आलं. दादानं माझा कागद हातात घेतला. "तुझं बरंय. बरं झालं," म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "दगड पाणी मारून कापता की कोरडा?" ते नागपूरचे, मराठीतच बोलत होते.

व्हिलात जाऊन काम करायचं तर पाण्याचा राडा गिऱ्हाइकाला नको असायचा आणि कोरडं कापलं की काम त्याच दिवशी उरकायचं. "कोरडंच कापू, यल्ला, चला लवकर," हे मी ठरवलं होतं. धूळ फार होते, असं दादा दोनदा म्हणाला होता. मी त्याला साधे मास्क आणून दिले होते.

"कोरडा," दादा म्हणाला. "मलाच घाई असायची."

धूळ फुप्फुसात जाऊन बसली होती. गेलेला भाग परत येणार नव्हता. मी लगेच पाणी मारून कापायची मशीन घेतली, सहाही कारागिरांची टेस्ट करून घेतली. दोघांचं खराब आलं. त्यातला एक जण कागद उलटा धरून मला विचारत होता, "सेठ, मैं पास हुआ ना?"

दादा वहिनीबरोबर सांगलीला परतला. शेवटी शेवटी फोनवर तो एक वाक्य तीन तुकड्यांत बोलायचा. दीड वर्षात गेला.

दहाव्यानंतर मी वहिनीसमोर बसलो. कोरडं कापायचं मी ठरवलं होतं, असं सांगितलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ते घरी येऊन सगळं सांगायचे." मग तिनं माझ्यासमोरचा रिकामा कप उचलला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.