जोनबाईंचा दरबार

जोन क्रॅबट्री स्वतःच्याच ऑफिसच्या दारावर टकटक करून मग आत जायच्या. आत कुणीही नसायचं. ऑफिस त्यांचं, किल्ली त्यांच्या हातात, दारावरची पितळी पाटी त्यांच्या नावाची. तरी आधी टकटक, मग क्षणभर कान देऊन थांबणं आणि मग कुलुपात किल्ली. मुलं हसायची. कुणी म्हणे, बाई खुर्चीची परवानगी घेतात. कुणी म्हणे, इंग्रज लोकांची काहीतरी रीत असेल. मीही त्यांच्यात मिसळून हसायचो. तेव्हा मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

विद्यापीठ अमेरिकेतल्या मिशिगनमधलं, लहानसं. नाव लिहीत नाही, कारण माझी काही माणसं अजून तिथे आहेत आणि आजकाल नाव लिहिताना हात आखडतोच. त्या विद्यापीठात एक निवासी कॉलेज होतं. तिथली मुलं एकाच इमारतीत राहायची, जेवायची आणि शिकायची. मी नागपूरहून भूजलावर पीएचडी करायला आलो होतो आणि त्या इमारतीतल्या एका मजल्याची देखभाल करायचो. बदल्यात खोली आणि जेवण मिळायचं. जोनबाई कॉलेजच्या प्रमुख. तळमजल्यावरच्या छोट्या घरात एकट्याच राहायच्या.

त्याआधी त्या ब्रिटनमध्ये खासदार होत्या. बाप बसचा ड्रायव्हर, गाव उत्तर इंग्लंडमधलं, गिरण्या बंद पडलेलं. बाई आधी शाळेत शिकवायच्या, मग नगरसेविका झाल्या, मग बरीच वर्षं खासदार. थोडे दिवस मंत्रीही होत्या. "मंत्री म्हणजे काय, एक खोली होती," त्या सांगायच्या. "खिडकी नसलेली. खिडकीवाल्या खोलीतला मंत्री सांगेल त्यावर मी सही करायची." एका मतदानात त्यांनी पक्षाचं ऐकलं नाही आणि ती खोलीही गेली. निवृत्त पुढारी आपल्याच देशातल्या एखाद्या जुन्या नामांकित कॉलेजचे प्रमुख होतात, तुम्ही इकडे कशा, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तिकडे माजी मंत्र्यांची रांग लागलेली असते. मिशिगनच्या थंडीत यायला मी एकटीच तयार होते."

मी पहिल्या दिवशी त्यांना 'मॅडम' म्हणालो, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पार्लमेंटमध्ये मला कुणी मॅडम म्हणालं, की समजायचं, आता हा खोटं बोलणार." माझं नाव मात्र त्यांनी तीनचारदा घोकून घेतलं. बाकी सगळे मला 'सिड' म्हणायचे. त्या अखेरपर्यंत सिद्धार्थ म्हणाल्या. "मतदाराचं नाव चुकलं की मत गेलं," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे खासदार दर शुक्रवारी आपल्या गावात बसतात म्हणे. कुणीही यावं, गाऱ्हाणं सांगावं. घराला ओल आली, पेन्शन अडली, मुलगा घरी येत नाही, काहीही. बाईंनी ती सवय इकडे आणली. शुक्रवारी दुपारी भोजनगृहातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी त्या चहाची किटली घेऊन बसायच्या आणि समोर एक रिकामी खुर्ची ठेवायच्या. मी म्हटलं, आमच्याकडे याला जनता दरबार म्हणतात. बाई खूश झाल्या. "राणीच्या देशात जन्म काढला आणि दरबार मला मिशिगनमध्ये मिळाला!" तेव्हापासून त्या स्वतःच म्हणायला लागल्या, "आय हॅव माय दरबार."

खुर्चीत कुणी बसलं की त्या एकच वाक्य बोलायच्या. "हं. सगळ्यात वाईट काय, ते आधी सांग." माणूस सगळं सांगतो, उठतो, निघतो, आणि खरी गोष्ट दाराची कडी हातात धरून सांगतो, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. दारापर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणून वाईट आधी.

हिवाळा सरत आला होता तेव्हा मला ती ईमेल आली. विद्यार्थी म्हणून माझी सरकारी नोंद रद्द झाली होती. कारण दिलं नव्हतं. मागे कधीतरी गाडी वेगात चालवली म्हणून पोलिसांनी धरलं होतं, पण ते प्रकरण कोर्टात मिटलंही होतं. तेच असावं, किंवा नसावं. नोंद गेली म्हणजे काम गेलं, काम गेलं म्हणजे खोली गेली, आणि मग देश सोडायचा. पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं.

ईमेल वाचल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल तर खिडकीचे पडदे ओढले. दिवसाढवळ्या. मग खुर्चीवर बसून राहिलो. कॉरिडॉरमध्ये किल्ल्यांचा जुडगा वाजला आणि मी दिवा मालवला. तो सफाईवाला होता, रोजचाच. त्यानंतर मी वर्गात गेलो नाही, बसमध्ये चढलो नाही, दुकानात गेलो नाही. नोंद रद्द झालेले असे कितीतरी परदेशी विद्यार्थी त्या दिवसांत आपापल्या खोल्यांत बसून होते, हे नंतर कळलं. तेव्हा वाटत होतं, मी एकटाच.

ओंकार, माझा पुण्याचा मित्र, जवळच्या गाडी कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता. तो दूध-ब्रेड घेऊन आला आणि बूटही न काढता म्हणाला, "फोनमधलं सगळं डिलीट कर यार आधी."

"काय डिलीट करू? पाणीपातळीचे ग्राफ?"

"जोक नको करूस. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या वाइफला एअरपोर्टवर चार तास बसवलं होतं." त्याचा स्वतःचा व्हिसाही नोकरीवर लटकलेला. तो दाराजवळच उभा राहून बोलला आणि लगेच गेला.

नागपूरहून आईचा फोन आला. "काऊन रे, आवाज असा काऊन येऊन राह्यला तुझा?"

"सर्दी झाली."

"मंग घरातच बसून राय. बाहेर निघू नोको."

"घरातच आहे आई," म्हटलं, जयभीम केला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. बाहेरून आवाज आला, "सिद्धार्थ, मी जोन. एकटीच आहे." मी तरी उठलो नाही. त्याही हलल्या नाहीत. दार उघडलं तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात किटली. आत येऊन त्यांनी पडद्यांकडे पाहिलं, पण ते उघडले नाहीत. पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "हं. सगळ्यात वाईट काय, ते आधी सांग."

मला वाटलं होतं मी पीएचडीचं सांगेन. तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, "मला परत पाठवलं तर वस्तीतले लोक म्हणतील, यानं तिकडं काहीतरी केलं असेल. बाबांना प्रत्येकाला उत्तर द्यावं लागेल. ते कुणाला काही बोलणार नाहीत. नुसते घरात बसतील." आणि मी रडलो. अठ्ठाविशीचा बाप्या, ब्रिटनच्या माजी मंत्र्यासमोर नाक पुसत बसलो.

त्यांनी माझी समजूत काढली नाही. म्हणाल्या, "मला यात काय करता येईल, ठाऊक नाही. पण आता हे दोघांना माहीत आहे. एकट्याला माहीत असण्यापेक्षा ते बरं." मग चहा ओतला आणि स्वतःचं सांगितलं. त्यांच्या गावातल्या ऑफिसात एक माणूस घराच्या तक्रारीसाठी दर आठवड्याला यायचा. एका सकाळी बाई किल्ली लावून आत गेल्या तर तो आत बसलेला. मागच्या खिडकीतून शिरला होता. हातात सुरी. बाईंच्या मागून आत आलेली त्यांची सेक्रेटरी मध्ये पडली आणि तिच्या हाताची बोटं पुढे कधी नीट वळली नाहीत.

"पुढच्या निवडणुकीला मी उभी राहिले नाही," बाई म्हणाल्या. "कुटुंबाला वेळ द्यायचाय असं पेपरवाल्यांना सांगितलं. कुटुंब म्हणजे एक बहीण, आणि तिला माझा वेळ अजिबात नको होता. खरं म्हणजे मी घाबरले. घाबरून पळाले ती इथे आले. आता इथून पुढे फक्त कॅनडा आहे."

मी हसलो. कित्येक दिवसांनी हसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गावातल्या एका वकीलबाईंकडे नेलं. चालत. बर्फ वितळून पुन्हा गोठलेला. "हात दे, घसरेन मी," असं म्हणून त्यांनी माझा दंड धरला. प्रत्यक्षात त्यांनी मलाच पुढे रेटलं. रस्त्यात एक पांढरी व्हॅन हळू झाली तेव्हा दोघंही थबकलो. माझ्या दंडावरची त्यांची बोटं रुतली. व्हॅन पिझ्झावाल्याची निघाली. वकीलबाईंनी कागद पाहिले आणि न्यायालयात दाद मागू म्हणाल्या. पण गाजावाजा नको, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आणि इथे आपल्या माणसांनी घोळ घातला. आपल्याकडे आमदाराची नुसती ओळख निघाली तरी अख्खं गाव कामाचे कागद घेऊन धावतं. इथे तर साक्षात माजी मंत्री. ओंकारनं चांगल्या मनानं मराठी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'सिद्धार्थच्या कॉलेजची हेड ब्रिटनची एक्स-मिनिस्टर आहे. तिचा एक फोन पुरे. फ्रायडेला भेटते.' ते तेलुगू ग्रुपवर गेलं, तिथून कुठे कुठे गेलं देव जाणे. शुक्रवारी दुपारी मी भोजनगृहात आलो तर दारापासून जिन्यापर्यंत रांग. सगळे हातात फाइल घेऊन, खाली मान घालून. एक मुलगी तर साडी नेसून आली होती, कारण मंत्र्यांना भेटायचं होतं. कुणी बोलत नव्हतं. जिन्याखालचं दार वाजलं की सगळी रांग एकदम मागे वळून बघायची.

बाई आपल्या घरातून किटली घेऊन आल्या आणि कॉरिडॉरच्या तोंडाशी थांबल्या. इतकी अनोळखी माणसं, सगळी त्यांच्याकडे बघत असलेली. त्यांचा चेहरा उतरला. त्या वळल्या आणि आत निघून गेल्या. मी मनात म्हटलं, संपलं. आता या पोरांना काय सांगू?

बऱ्याच वेळानं त्या परत आल्या. लिपस्टिक लावून. सरळ जाऊन खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "प्रत्येकाचं नाव मला नीट सांग." मग त्यांनी रांगेला मोठ्यानं सांगितलं, "माझ्या फोननं काहीही होत नाही. मी फोन केला तर तिकडचा माणूस विचारेल, कोण जोन? पण बसा. चहा आहे." मला वाटलं, अर्धी रांग जाईल. एकही जण हलला नाही. अंधार पडेपर्यंत बाई ऐकत होत्या. ज्यांना वकील हवा त्यांना वकील, ज्यांना नुसतं रडायचं होतं त्यांना रुमाल. साडीतल्या मुलीला त्या म्हणाल्या, "घाबरायला माझी काहीच हरकत नाही. घाबरलेलीच राहा. फक्त एकटी राहू नकोस."

पुढच्या आठवड्यात विद्यापीठातून एक गोड बोलणारे गृहस्थ आले. माझं काम बंद होतं, खोली तेवढी बाईंनी राहू दिली होती; मी नुसता हातभार म्हणून शेजारी टेबलं पुसत होतो. रांग लोकांच्या डोळ्यांवर येते, विद्यापीठाकडे लक्ष वेधलं जातं, शुक्रवारचा कार्यक्रम तूर्तास थांबवावा, बाईंचा करारही नूतनीकरणाला आलाच आहे, असं सगळं ते अगदी हळुवारपणे बोलले. बाई स्वतः परदेशी. त्यांचा इथला मुक्काम त्याच नोकरीवर. हे त्या गृहस्थांना ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं, आणि फडकं हातात धरलेल्या मलाही.

"आमच्या पक्षाच्या प्रतोदांनी मला याहून चांगल्या धमक्या दिल्यात," बाई म्हणाल्या. गृहस्थ हसले आणि गेले. ते गेल्यावर बाईंनी समोरची रिकामी खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवली. मला वाटलं, त्या शुक्रवारी येणार नाहीत. त्या आल्या. त्यानंतरच्याही आल्या.

उन्हाळा लागता लागता न्यायालयाच्या आदेशानं माझी नोंद परत मिळाली. आईला मी तेव्हाच सगळं सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग 'त्या बाईला साडी पाठवते' म्हणाली. त्याच सुमारास बाईंचा करार संपला. तो वाढवला नाही. कारण दिलं नव्हतं. मी त्यांना म्हणालो, "माझ्यामुळे झालं." त्या म्हणाल्या, "स्वतःला एवढं महत्त्व देऊ नकोस. मला माझ्यासाठी बसायचं होतं. एकदा उठून गेले होते ना."

डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांना मीच सोडलं. बसनं जाते म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. खरं तर नोंद परत आली तरी विमानतळ म्हटलं की माझे तळहात ओले व्हायचे, आजही होतात. टर्मिनलसमोर गाडी लावली, बॅगा काढल्या, आणि निरोपाचं काही सुचेना म्हणून दोघं पुन्हा गाडीत बसून राहिलो. तेवढ्यात काचेवर ठकठक झाली. गणवेश. कमरेला पिस्तूल.

मला घाम फुटला. मी बाईंकडे पाहिलं, त्या बोलतील म्हणून. एवढी वर्षं माणसांच्या वतीनं बोलण्यात गेलेली बाई. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि त्या समोर बघत होत्या. त्यांनाही घाम फुटला होता.

मी काच खाली केली. "इथे थांबायचं नाही," तो म्हणाला. माझा आवाज मलाच दुरून ऐकू आला. म्हणालो, "दोन मिनिटं द्या, ऑफिसर. माझी मावशी चालली आहे. परत कधी भेटेल माहीत नाही."

त्यानं वाकून आत पाहिलं. मी असा काळासावळा, त्या अशा गोऱ्यापान. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "दोन मिनिटं," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

"अधिकाऱ्याशी खोटं बोललास," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"नाही," मी म्हणालो.