उत्तराची वाट न पाहणारे काकाजी

आसगावातले आमचे शेजारी काकाजी नौदलात होते. समुद्राखालच्या पाणबुड्यांना रेडिओवरून संदेश पाठवणं हे त्यांचं काम. खोल पाण्यात मोजकीच अक्षरं पोचतात, तीही सावकाश. आणि पाणबुडी वर येईस्तोवर उत्तर देत नाही. उत्तराची वाट न पाहण्याची ती सवय अजून गेलेली नाही. कुंपणावरून "नळ आले," म्हणतात आणि मी तोंड उघडायच्या आत पाठ फिरवतात. असा राग येतो!

सरपंचकीची निवडणूक हरलो, तेव्हा मी लाजेनं दार लावून बसलो. लोक बाहेरून विचारायचे, "काहून हरले जी?" काकाजी मात्र रोज खिडकीशी येऊन म्हणायचे, "तलाव भरला. जेवून घे." आणि चालू लागायचे.

एकदा मी आतून ओरडलो, "काकाजी, चहा घेता का?"

ते दचकून थांबले.

"अरे बापा! वर आला काय तू?"