शिडाच्या कापडाचे पंख

इनास सरांना मी प्रथम पाहिले ते पाचूबंदरला, आमच्याच दारात. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. सर तेव्हा विशीतले, केळीच्या वाडीत वाढलेले, नुकतेच शाळेत शिकवू लागलेले. माझे वडील होड्यांची शिडे शिवत. सरांना एक जुने शीड हवे होते. मासिकातल्या चित्रावरून बांबूचे पंख बांधायचे आणि त्यांना लटकून टेकडीवरून तरंगत उतरायचे, असे त्यांनी ठरवले होते.

"पोरा, शीड होडीला बांधतात, मानसाला नाय," वडील म्हणाले. तरी कापड त्यांनी दिले. शिवण मी घातली.

दसऱ्याच्या सुमारास कामणजवळच्या टेकडीवर आम्ही पाच-सहा जण जमलो. सरांनी पंखाखालचा आडवा बांबू काखेत धरला, क्रुसाची खूण केली आणि उतारावरून धावत सुटले. पाय जमिनीवरून उचलले गेले. एवढ्यात वाऱ्याचा झोत आला, उजवा पंख वर उचलला गेला आणि काडकन आवाज झाला. सर खालच्या भाताच्या खाचरात कोसळले.

मी धावले. माझीच शिवण उसवली, एवढेच डोक्यात होते. सरांचा पाय वेडावाकडा वळला होता. "माझ्यामुळे झालं," मी रडत म्हणाले.

"कापड बघ आधी," सर कण्हत म्हणाले. मी पाहिले. एकही टाका सुटला नव्हता. "बांबू मोडला. तो मी निवडला होता. चूक माझी."

तरी वस्तीत बोलणे सुरू झालेच, की पोरीच्या कच्च्या शिवणीने मास्तर मरता मरता वाचला. महिनाभर मी मान खाली घालून वावरले. मग एके दिवशी सर कुबड्या टेकत मासळी बाजारात माझ्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शिवण पक्की होती. पुढचे पंखही हिच्याकडूनच शिवून घेणार आहे."

पुढच्या वर्षी प्रत्येक बांबूला वाळूची पोती टांगून त्यांनी तो पारखला. शिवताना मी प्रत्येक टाका दोनदा ओढून पाहिला. पंख तयार झाल्यावर सर पुन्हा त्याच टेकडीवरून धावत सुटले आणि खाचर ओलांडून पलीकडच्या बांधावर दोन पायांवर उतरले. जवळ गेले, तर त्यांचे हात कापत होते. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

पुढे त्यांनीच मला शाळेत शिवणकाम शिकवायला बोलावले. मुलांकडून काही बिघडले की सर आधी विचारत, "मी सांगताना काय चुकलं?" मग मूल आपणहून खरे बोले.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्या वाडीत शिरताना "या, बसा" ही हाक आम्हाला अजून कितीतरी वर्षे ऐकू येवो.