कमरेचा शेक आणि टेम्पोची सीट

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी काही लिहिलं असेल तर ते सहीपुरतं. बाबा तीही पेन झटकून झटकून, आधी हवेत गिरवून मग कागदावर करायचे. अशा घरातल्या मुलाने आठवणी लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच. शिवाय विषयही मोठा नाही. आमच्या टेम्पोची सीट आम्ही गरम करायला गेलो, एवढीच हकिगत आहे. कोणाला काही गंभीर वाचायचं असेल तर त्यांनी खुशाल पान उलटावं, मला वाईट वाटणार नाही.

आमचं गाव तळवली. नवं शहर उभं राहत होतं आणि बाबा त्याच्यासाठी विटा-रेती वाहत होते. आमची शेती त्यातच गेली होती, मिठागरातला थोडासा वाटा तेवढा उरला होता. रस्ते म्हणजे निम्मे रस्ते आणि निम्मे बेत. त्यावरून टेम्पो हाकून हाकून बाबांची कंबर धरली. टेम्पोतून उतरताना आधी त्यांचा एक पाय दिसायचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग बाबा.

मी ठाण्याला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. टेम्पोवर माझ्यानं बसवलं तर मी बसतो. नायतर मंग तू बस. टेम्पो दारात उभा ठेवून चालनार नाय."

रागावून म्हणाले असते तर काहीतरी बोलता आलं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, आणि खरंच होतं. मी "बरं" म्हणालो. कॉलेज सोडायचं नाही हे मनात पक्कं होतं, पण बी.ए. होऊन पुढे काय, असं त्यांनी विचारलं असतं तर मलाच उत्तर ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्या दिवसापासून बाबांच्या कमरेवर त्यांच्याहून जास्त लक्ष माझं होतं.

अशात बोनकोड्याचे मामा आले. मामा जहाजावर खलाशी. कुठल्याशा थंड बंदरातल्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वस्तू आणली होती. जाड काळं कापड, आत तारा शिवलेल्या, आणि बाहेर शेपटीसारखी लोंबणारी वायर.

"तिकडं थंडीत गाडीत बसलं का बूड गोठतं," मामा म्हणाले. "म्हनून सीटवर ह्ये टाकतात. ब्याटरीवर तापतं."

"आनि इकडं कशाला आनलंस?" आई म्हणाली. "आमची बुडं शिजतात ती कमी हायेत?"

"ताये, ह्यो शेक हाय, शेक! भावोजींनी गाडी चालवायची, कंबर आपोआप शेकनार."

शेक म्हटल्यावर आईचा विरोध संपला. आमच्याकडे पडलं, मुरगळलं, धरलं, सुजलं, सगळ्यावर शेक. पोट दुखलं तरी शेक आणि मन दुखलं तरी, मला वाटतं, आईने शेकच दिला असता.

दसऱ्याला टेम्पोची पूजा असते. त्याच दिवशी ही सीट बसवायची ठरली. सकाळी टेम्पो धुतला, झेंडूची माळ घातली, आणि वायर जोडायचं काम माझ्यावर आलं.

"कॉलेजात जातोस ना?" मामा म्हणाले.

"मामा, मी आर्ट्सला हाय. आमाला मराठी नि इतिहास शिकवतात."

"मंग इतिहासात वीज नव्हती काय?"

मी त्या कापडाची शेपटी हातात घेतली. हॉर्नची वायर हाताशी होती. मामा म्हणाले, तिथूनच घे. मी दातांनी सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळली. बाबा चढून बसले. आम्ही सगळे दाराशी उभे.

"तापतंय का, भावोजी?"

"काय नाय."

थोडा वेळ गेला.

"आता?"

"हां. आता कुनीतरी बसून नुकता उठल्यासारखं वाटतंय."

मामांचा चेहरा पडला. पण आईला यात कोडं असं काही वाटलंच नाही. "मिठाबिगर शेक लागतो होय?" ती म्हणाली आणि आत गेली. आमच्या गावात शेक म्हणजे मिठाचा. खडे मीठ तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, फडक्यात बांधायचं, आणि दुखऱ्या जागेवर ठेवायचं. आईने जुन्या गोधडीच्या कापडाची सीटएवढी पिशवी शिवली, मिठागराच्या ढिगातलं मीठ त्यात ठासून भरलं, आणि पिशवी मामांच्या कापडावर पसरली. मीठ आधी भाजायचं का, असं मी विचारलं.

"सीट कशाला हाय मंग?" मामा म्हणाले. "तीच भाजंल."

हे सगळ्यांना इतकं पटलं की बाबाही हसले. पावसाळाभर ढिगात पडलेलं ते मीठ हाताला ओलसर लागत होतं. पण मीठ हाताला ओलसरच लागतं, हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं.

दुपारी फेरी मारायला निघालो. बाबा सीटवर, शेजारी मी, मागे हौद्यात मामा उभे. ऑक्टोबरचं ऊन. वरून ऊन, खालून शेक, मध्ये बाबा. घामाने त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता, पण ते म्हणाले, "जरा बरं वाटतंय रं." मला इतका आनंद झाला की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

कोपरखैरण्याच्या अलीकडे देवीची मिरवणूक आडवी आली. बाबांनी टेम्पो तिच्यामागे हळू घेतला, आणि हॉर्न वाजायला लागला.

"बाबा, हॉर्न."

"मी नाय वाजवत!" बाबांनी दोन्ही हात वर केले. हॉर्न वाजतच राहिला.

मिरवणुकीतले लोक मागे वळले. "ओ टेम्पोवाले, देवी दिसत नाय का? घाई कसली?"

उत्तर द्यायला बाबा सीटवरून अर्धे उठले. हॉर्न बंद. बसले. हॉर्न चालू. पुन्हा उठले, बंद.

बँडवाल्याने ढोल थांबवला. "वाजवा हो काका, वाजवा! पन आमच्या तालात तरी वाजवा!"

"भावोजी, बसू नका!" मामा हौद्यातून ओरडले.

"मंग गाडी काय झोपून चालवू?"

पोरं टेम्पोभोवती नाचायला लागली. धरलेली कंबर घेऊन बाबा स्टिअरिंगला लोंबकळत उभे, गियर टाकायला वाकले की एक भोंगा. मी खाली वाकून बघितलं तर सीटमधून मिठाचं पाणी ठिबकत होतं. पिशवी घामाने आणि उबेने पाझरली होती, ते पाणी मामांच्या कापडातून सीटच्या पत्र्यापर्यंत गेलं होतं, आणि बाबांचं वजन पडलं की कापडातली वीज पत्र्यात उतरून हॉर्नचं बटण दाबल्यासारखं होत होतं. मी माझी जोडलेली वायर ओढून तोडली. सगळं शांत झालं. मिरवणुकीतून एक म्हातारी म्हणाली, "बरा वाजत होता की."

बाबांनी टेम्पो घरी आणला. मामांनी आपलं कापड काढून उलटसुलट पाहिलं आणि तोंड बारीक करून घेऊन गेले. पिशवी सीटवरच राहिली. टेम्पो उन्हात उभा राहिला, आणि ओलं मीठ वाळून दगड झालं. सीटला असं धरलं की निघेना. आई कोयता घेऊन आली.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "दिवाळीनंतर पोरालाच बसायचंय. त्याचा तो काढील."

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेसाठी ठाण्याला आत्याकडे गेलो. तिच्याकडे फोन नव्हता, आमच्याकडेही नव्हता. इतिहासाच्या पेपरात लढाया लिहिताना मध्येच माझ्या डोळ्यांपुढे टेम्पोची सीट यायची. संध्याकाळी आत्याच्या गल्लीत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मी आशेने बघायचो. घरचं कोणीच आलं नाही. आत्या म्हणायची, "वाईट बातमी पायाला चाकं लावून येते रे. कोन आलं नाय, म्हंजे सगळं बरं." माझा त्यावर विश्वास बसत नव्हता.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर फाटकाशी मामा उभे होते.

"मामा, बाबांचं काय?"

"आदी चहा पाज."

चहा आला. मामांनी बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला. जहाजाचं बोलावणं आलंय म्हणाले, आई चकल्या करतेय म्हणाले, ठाण्याचा चहा गोडमिट्ट असतो म्हणाले.

"मामा!"

"अरे, भावोजी झ्याक हायेत. त्या मिठाच्या धोंड्यावर बसून बसून कंबर सरळ झाली. मऊ सीटनंच वाट लावली होती म्हनतात. परवा पार पेन गावाला विटा टाकून आले, नि टेम्पोतून उडी मारून उतरले, सगळ्या आळीनं बघितलं." मामांनी बशी खाली ठेवली. "नि तुला निरोप हाय. दिवाळीला घरी ये, फराळ कर, पन टेम्पोला हात लावायचा नाय. सुट्टी संपली का गुमान कॉलेजात परत जायचं."