जमादारचा उपवास

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार आहेत आणि अक्षर मुंग्या चिरडल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि तिकडे पाठवायला आमच्या घरात भाऊ होते. ही वही दुकानातली आहे, उंदराने कोपरा कुरतडला म्हणून खपली नाही. ती मी कुणाला दाखवणार नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर त्याने खुशाल हसावं.

तर, आमच्या कुत्र्याने पावसासाठी चार दिवस कडक उपवास केला. गावातली काही म्हातारी माणसं अजून तसं सांगतात. उपवास वगैरे काही नव्हता. त्याच्या पोटात आमचं तूप गाळायचं फडकं होतं, आणि ही गोष्ट पहिल्या दिवसापासून दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि मला. त्याला बोलता येत नव्हतं. मला येत होतं, पण त्या बाबतीत मी त्याच्या फारशी पुढे नव्हते.

कुत्र्याचं नाव जमादार. निजामाच्या वेळी आमच्या गावात एक जमादार होता म्हणे, काम काही करायचा नाही पण येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायचा. त्याच्या आठवणीने सासऱ्यांनी हे नाव ठेवलं. सासरे गेले, कुत्रा राहिला. तेव्हा त्याचं वय बारा-तेरा, दात निम्मे. दिवसभर माझ्या चुलीमागच्या दाराशी पडून असायचा. घरात मी पूर्ण वाक्य बोलायचे ते त्याच्याशीच. (बाकीच्यांबरोबर ‘हाव’ आणि ‘वाढू का’ एवढ्यावर सोळा वर्षं निभावली होती.)

आमचं गाव उदगीरहून देगलूरकडे जाताना लागतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा जवळ आला म्हणजे पाणीही येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पाटी आली. पावसाने मात्र दुसऱ्या वर्षीही तोंड दाखवलं नाही. श्रावण लागला तरी विहिरीच्या तळाचे दगड मोजता येत होते. टँकर यायचा, घरटी दोन घागरी. म्हैस छावणीत नेऊन बांधली होती, कारण तिला घालायला घरात काडी नव्हती.

अशा दिवसांत माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, श्रावण सोमवारी स्वामींना जेवायला बोलावलं. स्वामी म्हणजे आमचे जंगम, लिंगायतांचे गुरू. त्यांना जेवू घातल्याशिवाय आमचा श्रावण पुरा होत नाही. दुष्काळ असला तरी पुरणावर तूप पाहिजेच. म्हैस घरी होती तेव्हाचं लोणी अव्वांनी कुलपात ठेवलं होतं, ते काढून दिलं. मी कढवलं, फडक्यातून गाळलं आणि फडकं मागच्या दगडावर ठेवून पोळी उलटायला आत आले.

परत बाहेर आले तेव्हा फडक्याचं शेवटचं टोक जमादारच्या तोंडात जात होतं. मी धावले. त्याने मान वर केली, एकदा गिळलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वाढलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दारात स्वामी पाय धूत होते, अव्वा पाट मांडत होत्या, आणि फडकं अव्वांच्या जुन्या इरकलचं होतं, त्यांनी स्वतः फाडून दिलेलं. मी पदर सावरला आणि पोळ्या वाढल्या.

जेवणं झाली. अव्वांनी जमादारपुढे पोळीचा तुकडा टाकला. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

“सोमवार हाय,” अव्वा अभिमानाने म्हणाल्या. “त्येला समजतंय.”

चार पोळ्या आणि वाटीभर तूप झालेला माणूस यजमानाच्या कुत्र्याला नावं ठेवत नाही. स्वामी म्हणाले, “मुकं जनावर, पण शिवभक्त.” आणि विडा घेऊन गेले. अव्वांनी देवापुढचं पितळी ताट आणून जमादारपुढे ठेवलं आणि त्यात सव्वा रुपया टाकला. तो पहिला.

संध्याकाळी हे वाक्य टँकरच्या रांगेत पोचलं. मंगळवारीही जमादारने काही खाल्लं नाही, तेव्हा रांगेतल्या बायकांनी मिळून हिशेब लावला. सोमवार सरला तरी सोडत नाही, म्हणजे उपवास सोमवारचा नाही, पावसाचा आहे. पाऊस पडेपर्यंत धरला आहे. कुत्रा म्हणजे खंडोबाचं जनावर, त्याला आतलं कळतं.

दुपारपर्यंत जमादार मागच्या दारातून घरापुढच्या आमच्या दुकानाच्या ओट्यावर आला. म्हणजे उचलून आणला. खाली पोतं, गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला विभूती. शेजारच्या वाडीची माणसं आली. नारळ फुटू लागले. पितळी ताटात नाणी वाजू लागली.

बुधवारी त्याने उलटी केली. पिवळी. मी दाराआड उभी होते, आणि बाहेर एक म्हातारा हात जोडून सांगत होता, हा भंडाऱ्याचा रंग आहे, देवाने कौल दिला. मग भजनी मंडळी येऊन बसली. पोट दुखून जमादार कण्हायला लागला की ती म्हणायची, बघा, सूर धरतोय.

मी मधूनच भाताची पेज घेऊन जवळ गेले. पेज त्याने घेतली नसतीच, पण चार बायांनी माझा हात धरला. उपवास मोडला तर पाऊस वाटेतून माघारी जाईल, म्हणाल्या. मग त्याच्याजवळ पाळीने माणूस बसवला, कुणी खायला घालू नये म्हणून.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते. त्या घरात सोळा वर्षं मी सगळ्यांच्या मागून जेवत होते. दुष्काळात मागे जे उरायचं त्याला जेवण म्हणायचं की नाही हा प्रश्नच होता. कितीतरी दिवस मी पाणी पिऊन उठले. कुणी नारळ फोडला नाही. जमादारने दोन दिवस खाल्लं नाही तर वाडीहून बैलगाडी करून लोक आले!

शेवटी मी अव्वांजवळ गेले. म्हटलं, “अव्वा, त्याच्या पोटात...”

“त्येच्या पोटात देव हाय,” अव्वा म्हणाल्या. “तू शेण काढ जा.”

(म्हैस छावणीत होती. शेण नव्हतंच. तरी गेले.)

मग दुकानात जाऊन यांना, माझ्या मालकांना, सांगितलं, सगळं, फडक्यासकट. यांनी ऐकून घेतलं. पण दोन दिवसांत दुकानातले नारळ संपले होते आणि उदबत्त्या उदगीरहून मागवल्या होत्या. म्हणाले, “पाऊस पडला की बोल. आत्ता कामून तोंड उघडून राहिली?”

“तोवर मरंल की तो.”

“म्हातारा झालाय. मरायचाच हाय,” हे म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. गुरुवारी सकाळी बघितलं तर जमादारचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं आणि जीभ कोरडी पडली होती. मी ‘म्हशीला बघून येते’ म्हणून निघाले. छावणी दोन कोसांवर. तिथे गुरांचे डॉक्टर होते, नवे, तरुण. परक्या पुरुषाशी मी जन्मात बोलले नव्हते. आता सुरुवात कशी करायची? मी आमच्या म्हशीजवळ जाऊन उभी राहिले, आणि डॉक्टर शेजारच्या बैलाला सुई देत होते तेव्हा म्हशीला सांगायला लागले. बाई गं, आपल्या जमादारनं सोमवारी फडकं गिळलं. चार दिवस खात नाही. उलट्या होतात. परसाकडं झालं नाही. लोक म्हणतात उपवास आहे.

डॉक्टरांनी सुई काढली. ते शहाणे होते. तेही माझ्याकडे न बघता म्हशीलाच म्हणाले, “फडकं केवढं होतं?”

मी म्हशीला हाताने दाखवलं, आणि गावाचं नावही तिलाच सांगितलं.

“तुझ्या मालकिणीला सांग,” ते म्हशीला म्हणाले, “आज नाही निघालं तर उद्या कुत्रं नाही.” आणि पिशवी घेऊन फटफटीकडे गेले. मी पळत घराकडे.

मी पोचले तेव्हा ओट्यापुढे सगळं गाव होतं आणि डॉक्टर मधोमध उभे होते. त्यांनी सांगितलं होतं की कुत्रा आजारी आहे, आतडं तुंबलंय. लोक खवळले होते. एकजण म्हणाला, सरकारला पाऊस पडू द्यायचा नाही, टँकरचं बिल निघत नाही मग. अव्वांनी कमरेवर हात ठेवले.

“आजारी हाय म्हून कोन म्हनलं तुमाला?”

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मग अव्वा. मग भजनी मंडळ. इथे म्हैस नव्हती.

“मी,” मी म्हटलं. “सोमवारी तूप गाळायचं फडकं गिळलं त्यानं. मी बघितलं. मी सांगितलं नाही.”

टाळ आपोआप थांबले. एवढी माणसं माझं बोलणं पहिल्यांदाच ऐकत होती, आणि काय ऐकलं तर हे.

डॉक्टरांनी सुई दिली, तेल पाजलं आणि कोमट पाणी मागितलं. साबणाचं, मागून द्यायला. कुणी हलेना. टँकरचं पाणी! मी आत जाऊन माझ्या वाट्याची घागर आणली. अव्वांना फडक्याचं इतकं लागलं नाही जितकं त्या घागरीचं. “प्यायचं पानी,” त्या सगळ्यांना दाखवून म्हणाल्या, “कुत्र्याच्या ढुंगनात!” काही माणसांनी डोळ्याला पदर-धोतर लावलं. मी मात्र धार धरून बसले, कारण आता लाजायला काही उरलं नव्हतं.

ऊन कलताना जमादार उठला. माळ गळ्यात तशीच. दोन पावलं गेला, सगळ्या भक्तांकडे पाठ केली आणि बसला. फार वेळ लागला. भजनी मंडळ उठून मागे सरकलं. शेवटी जे बाहेर आलं ते डॉक्टरांनी काठीने उलगडून दाखवलं.

अव्वा वाकून बघत होत्या. “माझं इरकल,” त्या म्हणाल्या.

काठ तेवढा शाबूत होता.

पाऊस पडला नाही. म्हणजे आमच्याकडे पडला नाही. शनिवारी देगलूरकडे पडला, नायगावला पडला, उमरीला तर नाले वाहिले असं एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं. आमच्या शिवेपर्यंत येऊन माघारी गेला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. कुणामुळे गेला हे विचारावं लागलं नाही. वर्षभर टँकरच्या रांगेत बायका मला जागा करून द्यायच्या, सगळ्यांच्या मागे.

मग लोक ताटातले पैसे परत मागायला लागले. अव्वा म्हणाल्या, “तुज्या तोंडानं गेलं, तुज्या हातानं दे.” कुणी किती टाकले हे ठाऊक नव्हतं. ताटात चार आणे टाकलेला माणूस परत घेताना रुपया सांगायचा, आणि नाही म्हणायला माझी जीभ पुन्हा जागेवर जाऊन बसली होती. ताटातले पैसे निम्म्या घरांतच संपले. बाकीचे मी गवऱ्या विकून भागवले. छावणीतलं शेण आणायचं, थापायचं, डोक्यावर नेऊन विकायच्या. श्रावणात सुरू केलं ते संक्रांत झाली तरी चाललं होतं. एकेका दारात उभं राहून ‘तुमचे पैसे’ म्हणायचं. सोळा वर्षांत बोलले नाही तेवढं त्या पाच महिन्यांत बोलले. बरोबर जमादार असायचा, हाडं निघालेला, हळूहळू चालणारा. ज्यांनी त्याच्या पाया पडून नवस बोलले होते ते त्याला ‘हाड’ म्हणायचे. त्याला दोन्हीचं काही नव्हतं.

वाडीचे झाले, गावाचे झाले. स्वामींनी काही टाकलंच नव्हतं, तरी त्यांना विचारून आले. घरी येऊन अव्वांना म्हटलं, झालं सगळं.

“आन् माजं?” अव्वा म्हणाल्या.

मी विसरले होते. पहिला सव्वा रुपया.

आणखी आठवडाभर गवऱ्या थापल्या आणि तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी दोनदा मोजला आणि कनवटीला लावला. त्या दिवशी सगळे जेवून उठल्यावर मी ताट घेऊन बसले, पण घास उतरेना. माझी भाकर जमादारपुढे ठेवली. त्याने निम्म्या दातांनी सगळी खाल्ली. मी थोडा वेळ दाराकडे बघत बसले, न जाणो कुणी नारळ घेऊन यायचं. कुणी आलं नाही. मग उठून भांडी घासली.

पैसे मात्र सगळ्यांचे पै न पै फिटले.